कारण : वीजपुरवठ्यात अचानक खंड

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५, सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटे. माझ्या पडद्यावरची हिरवी रेघ तुटली आणि तिच्या जागी लाल अक्षरांत ‘संपर्क नाही’ असे उमटले. त्याआधीची शेवटची मोजणी दहा वाजताची होती : नोंदी ६,४१८. ही मोजणी मी कामाच्या दर तासाला माझ्या वहीत हाताने लिहीत असे. यंत्र स्वतःच लिहीत असताना हाताने कशाला, असे मला विभागात अनेकदा विचारले गेले होते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागलेली सवय, एवढेच उत्तर माझ्याकडे होते.

रेघ तुटली त्याच क्षणी भिंतीपलीकडून, सर्व्हरच्या खोलीतून, घंटा वाजल्याचा आवाज आला.

आमच्या शिक्षणसंस्थेची महाविद्यालये जळगावला आणि धुळ्याला आहेत. दोन्हीकडचे विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून, ग्रंथपाल अशा प्रत्येकाची एक नोंद डिरेक्टरी सर्व्हरमध्ये असते : नाव, पासवर्ड आणि त्याला काय काय उघडता येते याची यादी. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात किंवा परीक्षेचा अर्ज भरताना कोणी आपले नाव टाइप केले की प्रश्न त्या सर्व्हरकडे जातो : ही व्यक्ती आपली आहे का? उत्तर ‘हो’ आले तरच पुढचे दार उघडते. सर्व्हर गप्प झाला की संस्थेत कोणीच कोणाचे उरत नाही.

तो चालू ठेवणे हे माझे काम होते. काम माझे होते, पद नव्हते. दोन वर्षे मी कंत्राटावर होते, आणि दोन्ही केंद्रांच्या प्रणालीप्रमुखपदाची मुलाखत १४ ऑक्टोबरला ठरली होती. मला ते पद हवे होते. नम्रतेसाठी हे वाक्य मऊ करण्याची मला गरज वाटत नाही. असोद्यासारख्या गावातून रोज स्कूटरने येणाऱ्या, एम. एस्सी. झालेल्या मुलीने पंचविशीत दोन महाविद्यालयांची यंत्रणा स्वतःच्या नावावर घ्यावी, असे मला मनापासून वाटत होते. ‘गेल्या बारा महिन्यांत सेवा एकदाही खंडित झाली नाही’, हे माझ्या अर्जातले सर्वांत वजनदार विधान होते. दहा बेचाळीसला ते खोटे ठरले.

मी खोलीकडे धावले. दारातच उदबत्तीचा वास आला. कपाटांना झेंडूचे हार, प्रत्येक यंत्राच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटे, समोर पाटावर नारळ. खंडेनवमीची पूजा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती, म्हणून कार्यालयाची पूजा त्या दिवशी. पण मी थबकले ती शांततेमुळे. त्या खोलीतले पंखे मी दोन वर्षांत कधी थांबलेले ऐकले नव्हते.

विभागप्रमुख नवा सदरा घालून उभे होते. त्यांना सगळे नाना म्हणत. जानेवारीत ते निवृत्त होणार होते.

“ये, ये. प्रसाद घे.”

“नाना, स्विच कोणी बंद केला?”

“मीच. चालत्या यंत्राची पूजा करतात का कुठं? पाच मिनिटं विसावू दे त्यालाही. वर्षभर राबतंय बिचारं.”

“आणि बॅटरी?”

“तीपण बंद केली. नाहीतर किंचाळत बसते. आरतीच्या मध्ये कोण ऐकून घेणार तिचं?”

“मला सांगायचं होतंत. मी नीट बंद करून दिला असता.”

यावर उत्तर कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकबाईंनी दिले. हातातले निरांजन सांभाळत त्या म्हणाल्या, “अगं, तुमच्याकडं नसते ना ही पूजा. तुला उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून नाही बोलावलं. मुद्दामच.”

त्या ‘मुद्दामच’मध्ये आपुलकी होती, हे मी आजही नाकारत नाही. त्या आमच्या घरी येऊन गेल्या होत्या. आमच्या भिंतीवर कोणत्या तसबिरी आहेत ते त्यांनी पाहिले होते, आणि त्यावरून मला कोणत्या प्रसंगांतून वगळणे सभ्यपणाचे ठरेल याचा हिशेब त्यांनी मनाशी केला होता. सकाळी चावी मागताना त्या फक्त म्हणाल्या होत्या, “हार घालायचाय.” चौकशी न करता मी चावी दिली. ही माझी चूक मी मोजणीत धरते.

नानांनी स्विच वर केला. पंखे फिरले, दिवे लागले, लिपिकबाईंनी टाळ्या वाजवल्या. डिरेक्टरी मात्र उठली नाही.

येथे थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे याच मुद्द्यावर फिरते. अचानक वीज गेली म्हणून असा सर्व्हर मरत नाही. तो प्रत्येक बदल आधी एका नोंदफायलीत लिहितो, म्हणजे लॉगमध्ये, आणि मग सवडीने मूळ पानांवर उतरवतो. मध्येच वीज गेली तर पाने अर्धवट राहतात, पण परत सुरू होताना तो लॉग वाचतो. पूर्ण झालेले बदल पुन्हा करतो, अर्धे राहिलेले मागे घेतो, आणि चार-पाच मिनिटांत शुद्धीवर येतो. त्या दिवशीही तसेच व्हायला हवे होते. पडद्यावर मात्र एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती : लॉग सापडत नाही.

आदल्या दिवशी सर्व्हरला कोणी कोणत्या आज्ञा दिल्या, त्याची यादी मी उघडली. मंगळवार, ३० सप्टेंबर, दुपारी चार सतरा. नानांच्या खात्यावरून एक ओळ. डेटाबेसच्या फोल्डरमधल्या, ज्यांच्या नावात ‘लॉग’ आहे अशा सगळ्या फायली पुसाव्यात, अशी.

“नाना, काल तुम्ही लॉग पुसलेत?”

“हो. दसऱ्याच्या आधी आपण दरवर्षी साफसफाई करतो की. डिस्क एक्याण्णव टक्के भरली होती. जुन्या नोंदींचा कचरा नुसता.”

ते खोटे बोलत नव्हते. दसऱ्याआधी खोल्या झाडायच्या, जाळी काढायची आणि संगणकांवरच्या निरुपयोगी फायली पुसायच्या, ही आमच्या विभागाची रीत होती. संकेतस्थळाच्या सर्व्हरवरचे लॉग म्हणजे खरोखर कोण कधी आले-गेले याचा कचराच असतो, आणि नाना तो वीस वर्षे पुसत आले होते. डेटाबेसचा लॉग म्हणजे वेगळी वस्तू, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते. शिवाय डिस्क भरली होती ती माझ्यामुळेच. कधी वेळ आली तर शेवटच्या मिनिटापर्यंत मागे जाता यावे, म्हणून जुने लॉग आपोआप पुसले जाण्याची सोय मी बंद केली होती. माझ्या सावधपणाने डिस्क भरली, आणि भरलेली डिस्क पाहून त्यांनी सावधपणा पुसून टाकला.

तरीही मंगळवारी काही बिघडले नाही, कारण यंत्राने उघडी धरलेली फाईल पुसली तरी ती धरलेली असेपर्यंत जगते. बुधवारी स्विच खाली गेला, तेव्हा ती हातातून सुटली.

बॅकअप घेतलेले होते. पण ते त्याच भरलेल्या डिस्कवर जात असल्याने ठेवलेले तीनही अर्धवट निघाले. उरली धुळ्याची प्रत. तिथल्या केंद्रात अशीच दुसरी डिरेक्टरी होती आणि दोन्ही एकमेकींशी जुळवून घेत राहत. मात्र १३ सप्टेंबरला रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. केबल दोन दिवसांत जोडली गेली, पण ती वाट पुन्हा उघडायला नानांची सही लागत होती. मी दोनदा लेखी मागितली. “दसऱ्यानंतर निवांत बघू,” असे दोन्ही वेळा उत्तर मिळाले होते.

आता नाना घाईने म्हणाले, “सही कसली घेऊन बसलीस? मी धुळ्याला आत्ताच फोन केलाय, लाईन सुरू करा म्हणून. दोन्ही जोडले की आपोआप सारखे होतील.”

“होतील, नाना. दोन्ही सारखेच बिघडतील.”

मी धुळ्याचा नंबर लावला. तिथली यंत्रे एक तंत्रसहायक सांभाळत, साक्रीकडच्या, अहिराणीत बोलणाऱ्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणे.

“अक्का, नेटवर्कची वायर आधी काढा. मग बोला.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “काढी. हातमा शे. आते बोल, काय व्हयनं?”

मी सांगितले. त्यावर त्या ज्या हसल्या, ते हसू मला त्या दिवसातले एकमेव शहाणे वाटले. “पोयाले आपण बैलले मारीसन पूजतस का व? मी झाकणले हयद लाई, फूल ठेवं, व्हयनी पूजा. चालतं मशीन बंद कशाले करू?”

पोळ्याला बैल मारून पुजत नाहीत, हे नानांना सुचले नव्हते. साक्रीच्या बाईला सुचले.

दीडची एस.टी. मिळाली. एरंडोल, पारोळा, मग धुळे. खिडकीशी बसून मी वहीत हिशेब मांडला. जळगावला शेवटची मोजणी ६,४१८. धुळ्याच्या प्रतीत किती असतील ते फोनवर विचारले होते : ६,२०७. फरक २११. ही सगळी १३ सप्टेंबरनंतर, प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेली मुले-मुली. परीक्षेचे अर्ज भरायची मुदत १० ऑक्टोबर. तोवर ही दोनशे अकरा परत आली तर माझ्या अर्जातले वाक्य मला दुरुस्त करून लिहिता आले असते : सेवा एकदा खंडित झाली, हानी शून्य. ते वाक्य मला आधीच्यापेक्षा जास्त आवडले असते.

अक्का खोलीत यंत्राशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. वायर अजून हातातच होती.

“ठेवा की खाली.”

“तू सांगं नही ना ठेवाले,” त्या म्हणाल्या. “आठे बठ्ठं शे. काय बी गयं नही.”

शाबूत असलेली ती सगळी प्रत मी डिस्कवर उतरवून घेतली. निघताना त्यांनी विचारले, “अहवालमा काय लिखशी?”

“जे झालं ते.”

“लिख मंग. ईसरी नको जाजो.”

दुसरा दिवस दसऱ्याचा. आमच्या घरी तो दिवस वेगळ्या कारणाने मोठा. सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातात, आणि मी लहानपणापासून एकदाही चुकवला नव्हता. त्या वर्षी चुकवला. आईने दारात विचारले, “तुझ्यावाचून चालणारच नाही का तिथं?” मी म्हणाले, “नाही.” हे उत्तर देताना मला अभिमान वाटला होता, हे येथे नोंदवून ठेवते.

दिवसभर मी बिघडलेल्या फायलीतून एकेक पान सुटे करून वाचले. डेटाबेस शेंड्यावरून तुटला होता, पण तळाची बरीच पाने शाबूत होती. त्यांतून १४८ नोंदी ओळखू येतील अशा स्थितीत निघाल्या. उरल्या ६३. पुढच्या आठवड्यात छापील अर्जांच्या गठ्ठ्यांतून, ग्रंथालयाच्या कार्डांवरून आणि ‘मॅडम, माझं लॉगिन होत नाही’ म्हणत स्वतःहून आलेल्या मुलांकडून ५४ मिळाल्या.

नऊ राहिल्या. त्यांचे अर्ज ऑनलाइन भरलेले होते आणि त्यांची यादीही त्याच डिस्कवर होती. कार्यालयात त्यांची नावे कोणाला आठवत नव्हती. मी दोन्ही केंद्रांत सूचना लावल्या. त्या नऊजणांतले कोणीच आले नाही. यंत्राने ‘तुमची नोंद नाही’ म्हटले की माणसाकडे जाऊन भांडायचे असते, हे ज्यांना घरी सांगणारे कोणी नसते, अशी ती मुले असणार. पहिल्या वर्षी मीही तशीच परत फिरले असते.

अहवालाचा छापील नमुना संस्थेकडून आला. त्यात एक रकाना होता : कारण. मी तो कोरा ठेवून नानांकडे गेले, कारण विभागप्रमुखाची सही खाली लागत होती.

नानांनी दार लावून घेतले. “तीन महिने राहिलेत माझे.”

“माहीत आहे.”

“चौतीस वर्षांत एक ठपका नाही. जाताना फाईलमध्ये हे लागलं तर निरोप समारंभात लोक तोंडावर हसतील गं.”

ज्या विभागात कंत्राटी मुलीच्या हातात झाडणाऱ्या बाईला मिळते तीही चावी देत नसत, तिथे सर्व्हरच्या खोलीची चावी मला याच माणसाने दिली होती. माझ्या अर्जावर शिफारसही त्यांचीच होती.

“मग काय लिहू?”

“वीजपुरवठ्यात अचानक खंड. यात खोटं काय आहे, सांग? वीज गेलीच होती. कोणी घालवली, हे त्या रकान्यात विचारलेलंच नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मुलाखतीला मी समितीवर आहे. मला कळतं कोणाला काय द्यायचं ते.”

मी विज्ञान शिकले आहे. मोजमापात सोयीचा आकडा लिहिणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरी मी तो लिहिला. चार सतराची ती ओळ मी अहवालाला जोडली नाही. दयेने लिहिला की हिशेबाने, हे मी तेव्हा तपासले नाही. आता तपासते तेव्हा दोन्ही निघतात, आणि हिशेबाचा भाग मोठा निघतो.

१४ ऑक्टोबरला समितीपुढे तीन माणसे होती : अध्यक्ष, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ आणि नाना. तज्ज्ञांनी माझा अहवाल समोर ठेवला. ते आवाज न चढवता, नीट विचारत होते. मी त्यांच्या जागी असते तर हेच प्रश्न विचारले असते.

“वीज गेली. पण बॅटरी होती ना?”

“होती.”

“तिची देखभाल कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

“चालू स्थितीत होती?”

“होती.”

“मग सर्व्हर बंद कसा पडला?”

मी नानांकडे पाहिले. ते माझ्या अर्जाचे पान वाचत होते. तेच पान, पुन्हा पुन्हा.

“आणि वीज गेल्याने लॉग नाहीसे होत नाहीत,” तज्ज्ञ पुढे म्हणाले. “ते कुठे गेले, याचा अहवालात उल्लेखच नाही. त्या वेळी आपण खोलीत होतात?”

“माझ्या जागेवर होते. खोलीत पूजा चालू होती.”

“बाकी सगळा विभाग खोलीत आणि जिची जबाबदारी ती बाहेर?” अध्यक्षांनी विचारले. त्यांच्या स्वरात आश्चर्य होते, आणखी काही असल्यास मी ते सिद्ध करू शकत नाही.

खरे सांगण्याची वेळ अजून गेली नव्हती. पण आता ते सांगितले असते तर मी बेजबाबदार ठरण्याऐवजी खोटा अहवाल देणारी ठरले असते, आणि खाली सही दोघांची होती. मी म्हणाले, “अहवालात कारण अपुरे लिहिले गेले आहे.”

“म्हणजे काय?”

तेव्हा नाना बोलले. वर न पाहता, मायेने बोलले.

“मुलगी हुशार आहे, साहेब. अनुभव थोडा कमी पडला.”

यापेक्षा नेमके वाक्य मला पाडायला शोधून सापडले नसते. त्यात निंदा नव्हती, म्हणून खोडायला काहीच नव्हते.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्यामागून आले. “वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं वय काय! तुला अजून दहा जागा मिळतील. मला कुठं मिळणार दुसरा निरोप समारंभ?”

मी विचारले, “नाना, त्या नऊ नोंदींचं काय करायचं?”

“कोणत्या नऊ?” ते म्हणाले.

पद बाहेरच्या एका उमेदवाराला मिळाले. माझे कंत्राट महिनाअखेरीस संपत होते. वाढवून घ्या, असे सुचवण्यात आले, मी नको म्हणाले. संस्थेच्या मासिक वृत्तात छापून आले : ‘तांत्रिक अडचणीनंतर सर्व नोंदी पूर्ववत करण्यात विभागाला यश.’ धुळ्याहून अक्कांचा फोन आला. वृत्त वाचले होते. त्यांनी एकच विचारले, “लिखं नही ना तू?” मी नाही म्हणाले. त्यांनी आणखी काही विचारले नाही, आणि ते मला समितीच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जड गेले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. धुळ्याची वाट मी तोवर रीतसर उघडून दिली होती, बॅकअप वेगळ्या डिस्कवर नेले होते, आणि डेटाबेसचे लॉग पुसू नयेत अशी सूचना जाड अक्षरांत कपाटावर चिकटवली होती, वाळलेल्या हाराच्या शेजारी. शेवटची दोन कामे उरली होती. नव्या प्रमुखांची नोंद तयार करून त्यांना माझे सगळे अधिकार दिले. मग माझी नोंद काढून टाकली. यंत्राने खात्री करण्यासाठी एकदा विचारले, मी ‘हो’ दाबले. एक वाढली, एक गेली. बेरजेला काही कळले नाही.

सायंकाळी साडेपाच वाजता वहीत शेवटची मोजणी लिहिली. नोंदी : ६,४०९.